बाटलीवरचा शब्द

जुन्या वाइनची बाटली ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. उघडल्यावाचून आत काय आहे ते कळत नाही, आणि उघडली की तिचे मोल संपते. गहू घेताना आपण मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो, आंबा नाकाशी धरतो, लुगड्याचा पोत दोन बोटांत चाचपतो. इथे यांपैकी काहीच करता येत नाही. घेणाऱ्याच्या हाती असतो तो फक्त बाटलीवर चिकटवलेला शब्द : गावाचे नाव, मळ्याचे नाव आणि द्राक्षे खुडली त्या हंगामाचे साल. त्या शब्दावर विश्वास ठेवून लोक लाखो रुपये मोजतात.

भाषाविज्ञान हा माझ्या अभ्यासाचा विषय. मद्याशी माझा संबंध प्रथम आला तो व्याकरणातून, आणि पुढेही तो तेवढाच राहिला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसापासून होणाऱ्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे आणि त्याचे प्रकार सांगताना ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ ही नावे दिली आहेत. कापिशायन म्हणजे कापिशी नगरीचे. ही कापिशी आजच्या अफगाणिस्तानातली. ‘कापिशी’पासून ‘कापिशायन’ हे रूप कसे सिद्ध होते हे सांगण्यासाठी पाणिनीने अष्टाध्यायीत स्वतंत्र सूत्र रचले आहे. मद्य ओळखायचे ते मुलखाच्या नावाने, ही रीत इतकी जुनी आहे. जिथे नावाला मोल असते, तिथे खोटे नाव लावणाराही फार दूर नसतो.

वाइनच्या गुन्ह्यांची अलीकडची प्रकरणे वाचताना मला ग्रंथसंशोधनाची आठवण होते. २००८ साली न्यूयॉर्कमधील एका लिलावात फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील पोन्सो या घराण्याच्या नावाने काही बाटल्या विक्रीस आल्या. ‘क्लो सँ-दनी’ या मळ्याचे नाव असलेल्या त्या बाटल्यांवर १९४५ पासून पुढची साले होती. घराण्याचे तत्कालीन प्रमुख लोरां पोन्सो यांनी हरकत घेतली. त्यांचे कारण अगदी साधे होते. त्या मळ्याची वाइन त्यांच्या घराण्याने करायला घेतली तीच मुळी १९८० च्या दशकात. बाटली उघडण्याची गरजच पडली नाही. नाव आणि साल यांचा मेळ बसत नव्हता, तेवढे पुरे झाले. बनावट ताम्रपट उघडा पडतो तो असाच. लेखात नोंदवलेल्या काळी जो शब्द, जे पद किंवा जी कालगणना प्रचारातच नव्हती, ती त्यात आढळते आणि बनाव कोसळतो. या बाटल्या विक्रीस पाठवणारा रूडी कुर्नियावान २०१२ मध्ये पकडला गेला. कॅलिफोर्नियातील त्याच्या घरात लेबले आणि बुचे यांचा साठा सापडला, आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, हे प्रकरण जगभर गाजले, कारण त्यात धनाढ्य ग्राहक आणि नामांकित लिलावगृहे होती. पण या विषयावरचे जे पुस्तक माझ्या मनात घर करून राहिले, ते एका शहरापुरते काम करणाऱ्या पत्रकार बाईंनी लिहिले आहे. त्यांचे नाव फ्रान्सिस डिंकेलस्पील आणि पुस्तकाचे नाव ‘टँगल्ड व्हाइन्स’, म्हणजे गुंतलेल्या वेली. वेलीसाठी ‘व्हाइन’ आणि मद्यासाठी ‘वाइन’ हे इंग्रजी शब्द एकाच लॅटिन कुळातले. देवनागरीत त्यांच्यात एका ‘ह’चे अंतर पडते, एवढेच. बातमीच्या भाषेवर शिकवताना मी हे पुस्तक प्रथम हाती घेतले ते उदाहरणे शोधण्यासाठी. नंतर ते संपूर्ण वाचले ते लेखिकेसाठी.

डिंकेलस्पील बाई बर्कलीच्या. सॅन फ्रान्सिस्कोसमोर, खाडीच्या पलीकडे वसलेले हे विद्यापीठाचे शहर. वृत्तपत्रांतील नोकरीनंतर त्यांनी २००९ साली लान्स नोबेल आणि ट्रेसी टेलर या दोन सहकाऱ्यांसह ‘बर्कलीसाइड’ हे केवळ या शहराच्या बातम्या देणारे वृत्तस्थळ सुरू केले. अमेरिकेत गावोगावची वृत्तपत्रे बंद पडत होती, तो हा काळ. नगरपरिषदेची सभा, शाळांची अंदाजपत्रके, कुठे लागलेली आग, कोणते दुकान बंद झाले, असा या कामाचा रोजचा रतीब. २०१८ मध्ये हे काम चालू राहावे म्हणून ३५५ वाचकांनी मिळून १० लाख डॉलरचे भांडवल उभे केले. ज्यांच्या गल्लीतली बातमी द्यायची, तेच तेव्हा मालकही झाले. बातमीदार आणि वाचक यांच्यातले अंतर याहून कमी होणे कठीण.

या धबडग्यातच त्यांचे लेखन चालले होते. ‘टँगल्ड व्हाइन्स’ प्रकाशित झाले ते ऑक्टोबर २०१५ मध्ये. त्याच वर्षी १६ जूनला बर्कलीत एका इमारतीचा सज्जा कोसळून सहा तरुण-तरुणींचा मृत्यू झाला होता, आणि त्या बातमीचा भार त्यांच्या छोट्या वृत्तसंस्थेवर होता. लेखक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शांत खोली आणि खिडकीतला वृक्ष उभा राहतो. गावाचा बातमीदार लेखक होतो तेव्हा तो दोन बातम्यांच्या मधल्या फटीत बसून लिहितो. ज्या आगीतून हे पुस्तक जन्मले ती लागली २००५ मध्ये. आग आणि पुस्तक यांच्यात दहा वर्षे गेली. नोकरी आणि घर सांभाळून अभ्यासाला बसणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

ती आग लागली १२ ऑक्टोबर २००५ रोजी. कॅलिफोर्नियातील व्हालेहो शहराजवळ मेअर आयलंड नावाचा जुना नौदल तळ आहे. तिथल्या जाड काँक्रीटच्या भिंतींच्या एका इमारतीत वाइनचे गोदाम होते. नापा खोऱ्यातील आणि आसपासच्या नव्वदहून अधिक उत्पादकांचा माल तिथे ठेवीदाखल होता. भिंती इतक्या भक्कम की लोकांना ती जागा सर्वांत सुरक्षित वाटे. आग लागल्यावर त्याच भिंतींनी भट्टीसारखी उष्णता आत कोंडून धरली. सुमारे ४५ लाख बाटल्या गेल्या. नुकसानीचा अंदाज किमान २५ कोटी डॉलरचा. डीलिया वायाडर या उत्पादिकेची २००३ च्या हंगामातील जवळजवळ सगळी वाइन त्यात नष्ट झाली. शेतकऱ्याचे उभे पीक गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. एखाद्या सालची वाइन गेली की ते साल त्या मळ्याच्या इतिहासातून कायमचे पुसले जाते.

ही आग लावणारा मार्क अँडरसन हा काही अट्टल दरोडेखोर नव्हता. सॉसालितो या टुमदार गावात राहणारा, चार लोकांत मिसळणारा, खाण्यापिण्याचा शौकीन असा हा गृहस्थ. लोकांच्या मौल्यवान बाटल्या भाडे घेऊन सांभाळण्याचा त्याचा धंदा होता. सांभाळायला दिलेल्या बाटल्या त्याने परस्पर विकल्या. ठेवीदार आपला माल मागू लागले, चौकशी सुरू झाली, आणि हिशेबाची तोंडमिळवणी होईना. आपल्या लबाडीचा पुरावा नाहीसा करण्यासाठी त्याने आग लावली, असे सरकारी पक्षाचे म्हणणे. २००९ मध्ये त्याने जाळपोळ, टपालाद्वारे फसवणूक, करचुकवेगिरी अशा आरोपांची कबुली दिली, पुढे ती मागे घेण्याचा प्रयत्न केला, आणि २०१२ मध्ये त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली. आपल्या हिशेबातील काही हजार बाटल्यांची खोट लपवण्यासाठी एका माणसाने इतरांच्या लाखो बाटल्या जाळल्या.

या गुन्ह्याला मराठीत नेमका शब्द आहे : अफरातफर. अरबी-फारसीतील ‘इफ्रात-तफ्रीत’ या जोडशब्दातून तो आपल्याकडे आला. इफ्रात म्हणजे अतिरेक, तफ्रीत म्हणजे उणेपणा. हिंदीत याच शब्दाने ‘अफरातफरी’ हे रूप घेतले आणि धावपळ, गोंधळ असा अर्थ धारण केला. मराठीने मात्र तो थेट जमाखर्चाच्या वहीत आणून बसवला. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि मधले कोणीतरी खाल्लेले. पेशव्यांच्या दप्तरांची आणि कारकुनीची परंपरा असलेल्या भाषेला हा अर्थ सुचावा, यात नवल नाही. अँडरसनच्या प्रकरणात आग ही केवळ शेवटची पायरी होती. खरा गुन्हा त्याआधी कितीतरी वर्षे, शांतपणे, नोंदवहीत घडत होता.

स्थानिक बातमीदाराचे काम अवघड का, हे मला हे पुस्तक वाचण्याआधीपासून थोडेफार ठाऊक होते. माझे वडील निफाड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक होते आणि एका दैनिकाचे अंशकालीन वार्ताहरही होते. मानधन नावापुरते. बातम्यांचे पाकीट संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे, ते नाशिकला कार्यालयात पोहोचायचे. मी नववीत असताना परप्रांतातला एक व्यापारी द्राक्षाच्या हंगामात आमच्या भागात उतरला. पहिल्या तोडीचे पैसे त्याने रोख दिले, दुसरीचे चेकने, आणि तिसऱ्या तोडीचा माल भरून तो जो गेला तो पुन्हा दिसला नाही. चेक वटले नाहीत. पंचवीस-तीस शेतकऱ्यांचे वर्ष गेले. आजही नाशिक जिल्ह्यात द्राक्षांचा हंगाम सरत आला की अशा बातम्या येतात, म्हणून आपल्यापैकी अनेकांना यात नवे काही वाटणार नाही.

अडचण निराळीच होती. व्यापाऱ्याला मळ्यामळ्यांत फिरवणारा, ‘माणूस खात्रीचा आहे’ असे सांगणारा इसम म्हणजे माझ्या आईचा मावसभाऊ. वडिलांनी शेतकऱ्यांकडच्या वजनाच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, तारखा जुळवल्या आणि रात्री बातमी लिहायला बसले. आधी त्यांनी ‘दलाल’ असा शब्द लिहिला. तो खोडून ‘मध्यस्थ’ लिहिला. मग तोही खोडला आणि मामाचे पूर्ण नाव घातले. त्याच्यापुढे, त्याचे स्वतःचेही पैसे बुडाले असल्याचे तो सांगतो, हे वाक्य जोडले. आई दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ते पाकीट स्टँडवर घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे आले. बातमी छापून आली. काही शेतकऱ्यांना थोडेफार पैसे मिळाले, बहुतेकांना काहीच नाही. आईच्या मावशीच्या घरचे दिवाळीचे बोलावणे मात्र पुढे कितीतरी वर्षे आले नाही. राजधानीतला पत्रकार मंत्र्याविरुद्ध लिहितो तेव्हा त्याच्या धैर्याचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण मंत्री त्याला दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत भेटत नाही.

डिंकेलस्पील यांच्या पुस्तकातही असाच जवळचा माणूस आहे. मेअर आयलंडच्या आगीत जळालेल्या ४५ लाख बाटल्यांत १७५ बाटल्या १८७५ सालच्या होत्या. ती पोर्ट आणि अँजेलिका या जातींची गोड मद्ये लेखिकेचे खापरपणजोबा आयझायस हेलमन यांच्या मळ्यातली होती, आणि एका नातलगाने ती गोदामात ठेवली होती. या हेलमनांचे चरित्र बाईंनी २००८ साली ‘टॉवर्स ऑफ गोल्ड’ या नावाने लिहिले होते. १८५९ मध्ये बव्हेरियातून लॉस एंजेलिसला आलेला सोळा वर्षांचा ज्यू मुलगा पुढे कॅलिफोर्नियातील एक थोर बँकर कसा झाला, याची ती कथा. ती लिहिण्यासाठी त्यांनी हेलमनांची जुनी दप्तरे चाळली. आपल्याकडे वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उजेडात आणली ती गावोगावची दप्तरे धुंडाळून. कागदांत बसण्याची ही चिकाटी त्याच जातीची. म्हणजे आगीची बातमी त्यांच्यापर्यंत आली ती पत्रकार म्हणून आणि घरची माणूस म्हणूनही.

इथे एक सोपी वाट त्यांच्यासमोर होती. आपल्या पूर्वजाचा ठेवा एका लबाड माणसाने जाळला, अशी करुण कहाणी सांगायची आणि थांबायचे. त्यांनी तसे केले नाही. जळालेल्या बाटल्यांवरचा शब्दही त्यांनी तपासायला घेतला. ही द्राक्षे कुठली? रांचो कुकामोंगाची. ‘कुकामोंगा’ हे तिथल्या मूलनिवासींच्या भाषेतले नाव, ‘रेतीची जागा’ असा त्याचा अर्थ सांगतात. ही जमीन हेलमनांकडे कशी आली? आधीचा मालक जॉन रेन्स याचा १८६२ मध्ये खून झाला, पाठोपाठ सूडाचे आणखी बळी गेले, त्याची विधवा कर्जात बुडाली, आणि मळा लिलावात निघाला. आणि त्या काळी दक्षिण कॅलिफोर्नियातील मळ्यांत राबले कोण?

या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. १८५० साली कॅलिफोर्नियाने मूलनिवासींच्या ‘शासन आणि संरक्षणा’चा कायदा केला. त्याच्या आधारे भटकेपणा किंवा दारूबाजीच्या आरोपाखाली मूलनिवासी माणसाला पकडता येई, आणि त्याची मजुरी जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला देता येई. लॉस एंजेलिसमध्ये रविवारी रात्री माणसे पकडत, सोमवारी त्यांचा आठवड्याभरासाठी लिलाव होई. मळेवाले त्यांना कामाला नेत. आठवडा संपला की मजुरीचा काही भाग दारूच्याच रूपाने हातावर ठेवत. ती पिऊन माणूस पुन्हा पकडला जाई, आणि सोमवारी पुन्हा लिलावात उभा राही. या व्यवस्थेला कायद्याने दिलेले नाव होते संरक्षण. वाइनच्या इतिहासातले सर्वांत खोटे लेबल कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी कुर्नियावानच्या घरी सापडलेल्या कागदांकडे बोट दाखवणार नाही; या कायद्याच्या शीर्षकाकडे दाखवीन.

लेखिकेने हे लिहिले ते आपल्या खापरपणजोबांच्या मळ्याची हकीकत सांगता सांगताच. हेलमनांविषयीचा जिव्हाळा त्यांनी लपवला नाही, आणि तो जिव्हाळा आहे म्हणून कॅलिफोर्नियाच्या वाइनचा पाया कोणाच्या घामावर उभा राहिला हेही झाकले नाही. अँडरसनच्या बाबतीतही तेच. आपल्या घराचा ठेवा ज्याच्यामुळे राख झाला, त्या माणसाला त्या तुरुंगात जाऊन भेटल्या, त्याचे म्हणणे ऐकून घेतले, आणि मग ते कागदपत्रांशी ताडून पाहिले. ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे, आणि ताडून पाहण्याआधी ऐकावेच लागते, हे बातमीदाराचे साधे शिस्तीचे नियम. परक्याच्या बाबतीत ते पाळणे तुलनेने सोपे. ज्याने आपल्या घरचे नुकसान केले त्याला, आणि ज्याच्यापासून आपण जन्मलो त्यालाही, एकच नियम लावायचा ही परीक्षा अवघड.

साहित्याचा विचार करताना आपण कल्पनाशक्तीला फार वरचे स्थान देतो. ते तिचे आहेच. पण काही गद्याचा कस वेगळ्या ठिकाणी लागतो. लिहिणाऱ्याला विषय दुरून दिसत होता की जवळून, आणि जवळून दिसत असताना त्याने शब्द सौम्य केला का, हे तिथे पाहावे लागते. जवळच्या माणसाला पुष्कळ काही कळते : कोणत्या मळ्याची वाइन कधी सुरू झाली, कोणत्या गोदामात कोणाचा माल होता, कोणत्या घराण्याची जमीन कशी आली. त्याचे हे जाणणे हेच त्याचे भांडवल. त्याच जवळिकीमुळे त्याची लेखणी अडखळते. दूरच्याला शब्द सहज सापडतो, पण बहुधा नेमका नसतो. जवळच्याला नेमका शब्द ठाऊक असतो, पण तो कागदावर उतरवण्याचे मोल द्यावे लागते.

आपल्यापैकी कोणी सोसायटीचे सचिव असाल, कोणी अंगणवाडीत सेविका, कोणी बाजार समितीत मापारी, कोणी तलाठी कार्यालयात. आपण रोज काही ना काही नोंदवता : वजन, तारीख, नाव, हजेरी. या नोंदींना कोणी साहित्य म्हणणार नाही. तरी पन्नास वर्षांनी एखादी जिज्ञासू मुलगी त्या वहीवरची धूळ झटकून ती उघडेल, तेव्हा आत नेमके काय होते हे तिला आपल्या अक्षरावरूनच कळणार आहे. या घटकाचा स्वाध्याय म्हणून आपल्या कामातली एखादी नोंद निवडा. ती कोणी केली, तिच्यातला प्रत्येक शब्द वस्तूशी जुळतो का, आणि जुळत नसेल तर त्यात कोणाचा लाभ झाला, याविषयी एक निबंध लिहा. नावे घालायची की नाहीत, हे आपण ठरवा. मात्र ठरवण्याआधी ती एकदा कागदावर लिहून पाहा.